पाणवळीतला एक माणूस

सकाळची उन्हं अंगणात उतरेपर्यंत हेदवळ गाव रिकामं झालं. चुली विझल्या, दारं ओढून घेतली गेली. गुरं, कोंबड्या, कुत्री, एका घरचा पोपटसुद्धा पिंजऱ्यासकट वेशीबाहेर गेला. दर तीन वर्षांनी असं होतं. गावदेवाचा कौल मिळाला की अख्खं गाव तीन दिवस वेशीपलीकडच्या माळावर झोपड्या घालून राहतं. तेवढे दिवस गाव देवाचं आणि त्याच्या न दिसणाऱ्या परिवाराचं, माणसाने तिथे पाऊल टाकायचं नाही. याला गावपळण म्हणतात. ती का सुरू झाली हे कुणी ठामपणे सांगत नाही, आणि फार विचारणाऱ्याच्या हातात झोपडीचा वासा धरायला दिला जातो.

यंदा मात्र देवाच्या जोडीला आणखी एकजण गावात मागे राहणार होतं. तिला सगळे चाखणी म्हणत.

चाखणी म्हणजे पाणवळ नदीत दोन दगडांच्या मधे बसवलेली, कपड्यांच्या ट्रंकेएवढी पेटी. पाण्यात राहणारा किंवा पाण्याला नुसता शिवून जाणारा प्रत्येक जीव आपलं काहीतरी मागे सोडतो. कातडीचा कोंडा, लाळ, खवला, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्याचा डीएनए असतो आणि वाहतं पाणी तो खाली घेऊन येतं. पूर्वी शास्त्रज्ञ हे पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत नेत आणि वरच्या अंगाला कोण कोण होतं ते कितीतरी दिवसांनी सांगत. चाखणी नदीतच बसून पाणी ओढायची, गाळणीवर अडकलेल्या डीएनएच्या तुकड्यांच्या प्रती वाढवून त्या वाचायची आणि तासाभरात सांगायची. असे सुटे तुकडे वाहत्या पाण्यात फार रेंगाळत नाहीत. त्यामुळे चाखणी जे सांगे ते परवाचं नसे, आत्ताचं असे.

माणसाच्या बाबतीत तिच्या तोंडाला कायद्याने कुलूप होतं. वर किती वेगवेगळी माणसं आहेत एवढंच तिने सांगायचं, कोण ते नाही.

हे सगळं हेदवळात आलं ते पाहुण्यांमुळे. रस्ता रुंद झाल्यावर शनिवार-रविवारी पाणवळीवर जत्रा भरू लागली. छोट्या होड्या, कोंडीतल्या, म्हणजे खोल डोहातल्या, उड्या, धबधब्याखालचे फोटो. वरच्या घागरकोंडीत पाणमांजरं असायची, ती आधी दिसेनाशी झाली आणि मग त्यांचे आवाजही बंद झाले. तेव्हा खोरे प्राधिकरण जागं झालं, चाखणी आली, आणि रोज सकाळी तिच्या आकड्यांवरून वर किती होड्या सोडायच्या ते ठरू लागलं. पण एक प्रश्न कुणालाच सुटत नव्हता. माणूस अजिबात नसताना ही नदी कशी असते? ते कळल्याशिवाय माणसामुळे तिचं किती बिघडतं हे कसं मोजणार? आणि माणूस अजिबात नसलेली नदी आणायची कुठून?

"आमच्याकडे आहे की," असं म्हणाली ती तेजल परब.

तेजल नदी समितीची अध्यक्ष. चाळिशीची, वाळक्या अंगाची, गळ्यात शिट्टी. नदीवरच्या बंदीच्या दोरीपलीकडे पाय टाकणाऱ्या पाहुण्याला ती अशी झाडायची की माणूस बूट हातात घेऊन मुकाट मागे फिरे. "अहो, नुसतं बघतो ना, बघण्यानं काय बिघडतं?" हे पाहुण्यांचं ठरलेलं वाक्य, आणि "डोळे एकटे जाणार आहेत का वर?" हे तिचं ठरलेलं उत्तर. गावपळणीचे तीन दिवस चाखणी चालू ठेवायची, ही कल्पना तिची. अख्खं खोरं राजीखुशीने सोडून जाणारं गाव दुसरं कुठे मिळणार? पुण्याच्या शास्त्रज्ञ डॉ. रेवती सबनीस यांनी तर हे ऐकून फोनवरच पळणीच्या तारखा लिहून घेतल्या.

प्राधिकरणाने अट घातली. तीन दिवस माणसाचा आकडा शून्य राहिला, तर त्या शून्यावरून नदीचा खरा हिशेब मांडता येईल आणि घागरकोंडीपर्यंतच्या होड्या कायमच्या मंजूर होतील. एखाद्या होडीवाल्याने पळण मोडली तर त्याचा परवाना जाईल आणि तेवढा एक वजा करून हिशेब धरला जाईल. पण समितीनेच मोडली, तर पुढच्या पळणीपर्यंत वरची नदी सगळ्या गावाला बंद.

गावातले मानकरी बाबीकाका गावकर यांना हे पटलं नव्हतं. देवाच्या दिवसांत माणसाने आपली मोजणी घुसवू नये, असं त्यांचं मत. "ही पळण देवाची, तुझ्या पेटयेची नाय," ते तेजलला म्हणाले, आणि मग सवयीप्रमाणे परवानगीही देऊन मोकळे झाले.

पहिल्या दिवशी दुपारी गाळणी पालापाचोळ्याने तुंबली. असं होऊ शकतं हे आधीच धरलेलं होतं. अंगभर रबरी पोशाख घालून तेजलने एकटीने जायचं, गाळणी बदलायची आणि परत फिरायचं. तेवढ्या तासाचा आकडा सोडून देऊ, असं सबनीसबाईंनी सांगितलं होतं. बाबीकाकांनी नारळ ठेवून तिच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं. तेजल गेली.

रिकाम्या गावातून चालताना तिला विचित्र वाटलं. आपण जन्मलो ते हे गाव, पण आज कुणी हाक मारणार नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. नदीवर जाऊन तिने गाळणी बदलली. काम झालं होतं. एवढ्यात वरून शीळ आली, बारीक, ओली, घाईची. मागोमाग दुसरी.

पाणमांजर! कितीतरी वर्षांत तिने तो आवाज ऐकला नव्हता.

इथून ती परत फिरली असती तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण ती पेटी ओलांडून दगडांवरून वर गेली, घागरकोंडीपर्यंत. पोशाख आहे, आपण काही पाण्यात उतरत नाही, आणि मुख्य म्हणजे आपण समिती आहोत, असं ती स्वतःला सांगत होती. कोंडीच्या पलीकडच्या काठावर, करंजाच्या मुळांपाशी, मादी आणि तिची पिल्लं होती. पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत पाण्यात पडत होती, आणि आई त्यांना मानेला धरून पुन्हा वर आणत होती. तेजल सपाट कातळावर बसली. पोशाखात घामाने जीव कासावीस झाला, म्हणून तिने टोपी मागे सारली, हातमोजे काढले, कमरेचा तांबड्या काठाचा पंचा ओढून तोंड, मान, हात खसाखसा पुसले आणि पंचा बाजूला ठेवला. किती वेळ बसली ते तिला कळलं नाही. इतकं सुख तिला पाणवळीने लहानपणानंतर दिलं नव्हतं. मादीने अचानक मान वर करून तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती भानावर आली आणि लगबगीने उतरली.

माळावर आल्यावर तिने गाळणी बदलल्याचं सांगितलं. वर गेल्याचं सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय, असं तिला खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोनवर चाखणीची यादी उघडली. पाणमांजर होतं. खवले मासा, जो चाखणीला कधीच लागला नव्हता, तोही होता. खाली शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, माणूस : एक.

तिला वाटलं कालचंच काही मागे राहिलं असेल. पण पुढच्या तासाला तोच आकडा, दुपारी तोच, संध्याकाळीही तोच. वाहत्या पाण्यात कालचा कण आज येत नाही, हे तिनेच शाळेतल्या पोरांना शिकवलं होतं. म्हणजे कुणीतरी आत्ता, या घटकेला वर होतं.

तिच्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं. गौरेश मेस्त्री. तिच्या वर्गातला, बालवाडीपासूनचा, आणि गावातला सगळ्यात चांगला होडीवाला. गेल्या मोसमात बंद असताना त्याने दोन पाहुण्यांना घागरकोंडीवर नेलं होतं आणि तेजलने त्याला दंड लावला होता. पहिल्या दिवशी माळावर सगळ्यात उशिरा आला तोही तोच. गाय नुकतीच व्यायली होती, वासरू चालेना म्हणून थांबलो, असं त्याने सांगितलं होतं. मधूनमधून तो माळावर दिसत नसे हेही तिला आता आठवलं. संशय एकदा आला की त्याला पुरावे शोधायला जावं लागत नाही, ते आपण होऊन येतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव पेजेला बसला असताना तेजल उभी राहिली. तिने आकडा वाचून दाखवला. मग ती गौरेशकडे वळली.

"खरा सांग, कोंडीर कोणाक ठेवून इलंस?"

गौरेशने पेजेचं ताट खाली ठेवलं. आपण गेलो नाही आणि कुणाला ठेवलंही नाही, तो म्हणाला. दिसेनासा होत होता तो वासरासाठी कोवळा चारा शोधायला, तोही वेशीच्या बाहेरच्या बाजूला. तेजलने मागच्या मोसमाचं काढलं. तो गप्प झाला, कारण ते खरं होतं. त्याचं गप्प होणं सगळ्यांनी पाहिलं. पळण मोडणाऱ्याची झोपडी बाकी झोपड्यांच्या रिंगणाबाहेर असते आणि त्याला इतरांच्या चुलीतला विस्तव मिळत नाही, ही हेदवळची जुनी रीत. कित्येक वर्षांत ती वापरायची वेळ आली नव्हती. बाबीकाकांनीही ती आपण होऊन काढली नाही. पण गौरेशच्या बायकोने शेजारणीकडे विस्तव मागितला तेव्हा शेजारणीने तेजलकडे पाहिलं आणि तेजलने नजर वळवली. थोड्या वेळाने गौरेशने आपली झोपडी स्वतःच सोडली आणि गाय, वासरू, बायकापोरं घेऊन रिंगणाबाहेर नेऊन घातली.

दुपारी तो तिच्याकडे आला. रागावलेला नव्हता, त्याचंच तिला बरं वाटलं नाही.

"माझी थुकी घे," तो म्हणाला. "घाल तुझ्या यंत्रात. मगे काय ता बोल."

हे करता येत होतं. माणसाच्या पेशीत एक डीएनए असा असतो जो फक्त आईकडून येतो. आईचा तिच्या सगळ्या मुलांना, आणि पुढे मुलींकडून त्यांच्या मुलांना, जवळजवळ जसाच्या तसा. त्यावरून माणूस ओळखता येत नाही, पण तो कुठल्या आईच्या वंशातला ते कळतं. देणाऱ्याने आपण होऊन नमुना दिला, तरच तेवढ्यापुरतं चाखणीचं कुलूप उघडे. पेटीबरोबर आलेलं हातातलं छोटं यंत्र तेजलजवळ होतं. रीतीप्रमाणे आधी तपासणाऱ्याची स्वतःची थुंकी घालायची असते, त्याचा अंश चुकून मिसळला असेल तर वगळता यावा म्हणून. तेजलने आपली घातली, मग गौरेशची.

नदीतल्या माणसाशी गौरेशची जुळली नाही. तेजलची जुळली.

तिने पुन्हा करून पाहिलं. तेच. तिच्या आईच्या वंशातलं गावात दुसरं कोण? तिला भाऊबहीण नव्हतं, मूलबाळ नव्हतं. उरली आई. सत्तरी ओलांडलेली सुशिलाबाई, जी पळणीला निघताना घराकडे वळून वळून बघत होती. तेजलला पटून गेलं की आई गुपचूप जाऊन आली असणार. आणि तिला संताप आला तो आईचाच, की हिच्यामुळे मी गावासमोर तोंडघशी पडले.

आई झोपडीत तांदूळ निवडत होती. तेजलने तिला दबक्या आवाजात, पण कोर्टात विचारावं तसं विचारलं. नदीवर गेली होतीस का, कितीदा, कुठल्या वाटेने. आई ऐकत राहिली. गुडघ्यांनी तिला माळापर्यंत आणलं होतं तेच खूप झालं होतं, हे तिने बोलूनसुद्धा दाखवलं नाही. सूप खाली ठेवून तिने फक्त एक विचारलं.

"गो, तुझो पंचो खंय? तांबड्या काठाचो. पयल्या दिसापासून दिसाक नाय."

तेजल खाली बसली. सपाट कातळ, बाजूला ठेवलेला पंचा, त्याचं पाण्याकडे ओघळलेलं टोक, सगळं तिला एकदम दिसलं. वर्षभर तिच्या घामाने, कातडीच्या कोंड्याने भरलेला सुती पंचा. तो घटकेघटकेला झिजत होता आणि घटकेघटकेला पाणवळीत तिला सोडत होता. तीन दिवस नदीत एकच माणूस होतं, आणि ते माणूस तीच होती. नदीवरची सगळी माणसं मोजताना तिने स्वतःला कधी धरलंच नव्हतं.

गौरेशला रिंगणाबाहेर काढलं याची लाज होतीच. पण आत्ता, एवढ्यात, आईला ज्या आवाजात विचारलं त्या आवाजाची लाज तिला जास्त वाटली. ती आईच्या पायांशी बसून राहिली. आईने सूप पुन्हा उचललं.

सबनीसबाईंना फोन केला तेव्हा ती फक्त इतकंच बोलली की, माणूस कोण ते कळलं आहे. बाई थकल्यासारख्या हसल्या. "मला इथून आकडा दिसतो, तेजलताई. नाव तुम्हीच कळवायचं. होडीवाला असेल तर त्याचा परवाना जाईल, बाकी गावाचं काम होऊन जाईल." मग त्या म्हणाल्या, "कुणीही असलं तरी खरं नाव कळवा."

होडीवाला. शब्द किती सोपा होता. गौरेश तर आधीच बाहेर बसला होता, आणि थुंकीचं काय निघालं ते तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्याचं नाव कळवलं तर एक घर बुडेल. स्वतःचं कळवलं तर वरच्या नदीवर अवलंबून असलेला अख्खा गाव तीन वर्षं हात चोळत बसेल. ती गावाच्या भल्याचा विचार करत होती, असं तिला काही क्षण वाटलंसुद्धा. मग आपण कसला विचार करतो आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली.

उन्हं कलताना ती रिंगणाबाहेर गौरेशच्या झोपडीपाशी गेली. त्याची बायको पाठ करून आत निघून गेली. तेजलने त्याला सगळं सांगितलं. शीळ, पिल्लं, कातळ, पंचा. मग माफी मागितली. गौरेश वासराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"पिल्ला किती होती?" त्याने विचारलं.

"तीन."

तो किंचित हसला, पण तिच्याकडे बघून नाही. मग म्हणाला, "माका एकट्याक सांगान काय उपेग? जंय म्हटलंस, थंयच सांग."

संध्याकाळच्या जेवणाला सगळे बसले तेव्हा ती सकाळच्याच जागी उभी राहिली. सकाळी तिचा आवाज पार झाडांपर्यंत जात होता, आता पुढच्या ओळीलाही कान द्यावे लागले. तिने काही गाळलं नाही. आईला काय विचारलं तेही सांगितलं. वरची नदी आता बंद होणार हे सांगताना तिने मान वर केली नाही. कुणी ओरडेल, कुणी शिवी देईल, असं तिला वाटलं होतं, किंबहुना ती त्याची वाटच पाहत होती. तसं काही झालं नाही. एका म्हाताऱ्या बाईने तिच्या ताटात नेहमीसारखी भाकरी वाढली.

त्या रात्री तिने आपली झोपडी सोडून रिंगणाबाहेर घातली. आई तिच्यामागे आली, न बोलवता. गौरेशची झोपडी तोवर आत गेली होती.

कौल मिळाला आणि गाव परतलं. सगळ्यांच्या मागून तेजल आणि तिची आई वेशीतून आत आल्या. प्राधिकरणाचं पत्र यायला वेळ लागला नाही. वरची नदी बंद, समितीला नवा अध्यक्ष हवा. गावाने गौरेशला केलं.

पंचा आणायला दोघं मिळून गेले. कातळावर तो नव्हता. गौरेशने पलीकडे बोट दाखवलं. करंजाच्या मुळांत, बिळाच्या तोंडाशी, तांबडा काठ दिसत होता. मादीने तो ओढून नेऊन पिल्लांखाली अंथरला होता. तेजल पुढे सरकली तशी गौरेशने तिचा दंड धरला. बिळात हात घातला तर मादी पिल्लं घेऊन कायमची निघून जाईल, हे त्याने सांगायची गरज नव्हती. दोघं आवाज न करता मागे फिरले.

तेव्हापासून होड्या फक्त चाखणीच्या खालच्या पात्रात चालतात. घाटावर एक फळा आहे, त्यावर चाखणीचा सकाळचा आकडा उमटतो. बिळात पाणी शिरतं-उतरतं आणि पंचा थोडाथोडा झिजत राहतो. पाणमांजर, खवले मासा, मळ्या मासा, खेकडे आणि शेवटी, माणूस : एक. पाहुणे ते वाचतात. त्यांच्यातला एखादा हटकून विचारतो की वर बंदी आहे ना, मग हा एक कोण? आणि त्याला सोडता तर आम्हालाही जरा सोडा, नुसतं बघतो, बघण्यानं काय बिघडतं?

गौरेश दोऱ्या सोडत असतो, नाहीतर वल्ही पुसत असतो. तो फक्त हनुवटीने तेजलकडे खूण करतो.

तेजल आता तिथे लाइफ जॅकेटं वाटायचं काम करते. गळ्यात शिट्टी नाही. ती हातातलं जॅकेट खाली ठेवते.

"मी," ती म्हणते. "मी पण नुसती बघायलाच गेले होते."